सोया दूध आंबवताना आयसोफ्लेवोनचं काय होतं : साखर कोण तोडतं आणि इक्वॉल कोण बनवतं

प्रश्न असा आहे : प्रोबायोटिक विरजण लावलं की सोया दुधातले आयसोफ्लेवोन (सोयातले इस्ट्रोजेनसारखे रेणू) ‘सक्रिय’ होतात म्हणतात. म्हणजे नेमकं काय होतं? कोणता जीवाणू घ्यायचा, किती तास ठेवायचं, काम झालं की नाही हे कसं ओळखायचं, आणि त्यातच इक्वॉलही (जीवाणू आयसोफ्लेवोनपासून बनवतात तो रेणू) मिळतं का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण सगळा घोळ तिथेच होतो. दह्याच्या किंवा नेहमीच्या प्रोबायोटिक विरजणातून इक्वॉलची अपेक्षा धरू नका. आयसोफ्लेवोनवर जीवाणू दोन कामं करतात आणि ती दोन वेगळ्या जातकुळीचे जीवाणू करतात. पहिलं काम रेणूला चिकटलेली साखर तोडण्याचं. ते लॅक्टोबॅसिलस आणि बिफिडोबॅक्टेरियम गटातले अनेक स्ट्रेन (एकाच प्रजातीतले वेगवेगळे वाण) करतात. दुसरं काम साखर सुटलेल्या रेणूचा सांगाडाच बदलण्याचं. ते मोठ्या आतड्यातले मोजके, हवा अजिबात न चालणारे जीवाणू करतात. जाहिरातीत ही दोन्ही कामं एकाच वाक्यात बसवलेली असतात आणि वाचणाऱ्याला वाटतं की एकाच वाटीत सगळं मिळतंय.

आता पहिलं काम. सोयाबीनमध्ये मूळ आयसोफ्लेवोन तीन : डेडझेइन, जेनिस्टेइन आणि ग्लायसिटेइन. प्रत्येक चार रूपांत आढळतो : मोकळा, ग्लुकोज चिकटलेला (साधं ग्लुकोसाइड), ग्लुकोजवर मॅलोनिल गट बसलेला आणि ग्लुकोजवर अ‍ॅसिटिल गट बसलेला. एकूण बारा रूपं झाली. मोकळ्या रूपाला अ‍ॅग्लायकोन म्हणतात. नावांत मात्र सांभाळा : ‘डेडझिन’ म्हणजे साखर लागलेला आणि ‘डेडझेइन’ म्हणजे साखर सुटलेला, तसंच जेनिस्टिन आणि जेनिस्टेइन. एका अक्षराच्या फरकाने अहवालाचा अर्थ उलटा होतो आणि छापील तक्त्यांतही ही चूक सर्रास सापडते.

कच्च्या दाण्यात मॅलोनिल रूप सगळ्यात जास्त असतं. पाण्यात उकळलं की मॅलोनिल गट गळून साधं ग्लुकोसाइड उरतं. कोरडं भाजलं की त्याच मॅलोनिलमधून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि अ‍ॅसिटिल रूप तयार होतं. हे इथे सांगायचं कारण असं की जीवाणूंचं एन्झाइम साध्या ग्लुकोसाइडवर चांगलं चालतं, मॅलोनिल आणि अ‍ॅसिटिल रूपांवर फारसं नाही. म्हणजे विरजण लावण्याआधी सोया दूध किती तापवलं यावर निम्मा निकाल ठरलेला असतो. नुसती एक उकळी आणलेल्या दुधात मॅलोनिल रूप भरपूर शिल्लक राहतं. चोवीस तास आंबवूनही ते तसंच बसून राहतं आणि दोष मात्र जीवाणूला दिला जातो.

साखर का तोडायची? ग्लुकोसाइड पाण्याला धार्जिणं आणि आकाराने मोठं असतं. ते तसंच्या तसं आतड्याच्या भिंतीतून पलीकडे जात नाही. लहान आतड्याच्या अस्तरावर लॅक्टेज-फ्लोरिझिन हायड्रोलेज नावाचं एन्झाइम असतं. दुधातली साखर पचवणारं हेच ते. ते काही ग्लुकोसाइड तोडतं, बाकीचे पुढे मोठ्या आतड्यातले जीवाणू तोडतात. आंबवताना हे काम आधीच उरकलेलं असतं, एवढाच ‘सक्रिय’ या शब्दाचा खरा अर्थ. एक सावधगिरी लगेच सांगतो : आधीच तोडलेलं रूप रक्तात लवकर पोहोचतं, यावर फारसं दुमत नाही, पण एकूण शोषण जास्त होतं का, यावर मानवी चाचण्यांचे निकाल दोन्ही बाजूंचे आहेत. ‘कित्येक पट जास्त शोषण’ असं लिहिलेलं दिसलं तर हात आखडता घ्या.

तोडणारं एन्झाइम म्हणजे बीटा-ग्लुकोसिडेज. लॅक्टिप्लँटिबॅसिलस प्लँटॅरम, लॅक्टिकेसिबॅसिलस पॅराकेसी आणि ऱ्हॅम्नोसस, लॅक्टोबॅसिलस अ‍ॅसिडोफिलस, तसेच बिफिडोबॅक्टेरियम गटातले लाँगम, ब्रेव्हे, अ‍ॅनिमॅलिस, अ‍ॅडोलेसेंटिस या प्रजातींमध्ये ते आढळतं. (२०२० साली लॅक्टोबॅसिलस या जुन्या वंशाची फोड झाली, म्हणून जुन्या पाकिटावर हीच मंडळी ‘लॅक्टोबॅसिलस प्लँटॅरम’ वगैरे नावांनी दिसतील.) मात्र प्रजातीचं नाव पाहून निवड करू नका. एकाच प्रजातीचा एक स्ट्रेन जवळजवळ सगळं ग्लुकोसाइड तोडतो आणि दुसरा हातही लावत नाही, असं सर्रास घडतं. स्ट्रेनचा क्रमांक विचारा आणि स्वतः तपासून घ्या.

तपासणीचा सोपा पहिला टप्पा एस्क्युलिन आगरचा. एस्क्युलिन फुटलं की निघालेला भाग लोहक्षाराबरोबर काळपट तपकिरी होतो आणि वसाहतीभोवती काळं वलय उमटतं. ही फक्त चाळणी समजा. एस्क्युलिन फोडणारा प्रत्येक स्ट्रेन डेडझिन फोडतोच असं नाही. दुसरा टप्पा पीएनपीजी, म्हणजे पॅरा-नायट्रोफेनिल-बीटा-ग्लुकोपायरॅनोसाइड. पीएच ६ ते ७ च्या १०० मिलिमोलर फॉस्फेट बफरमध्ये ५ मिलिमोलर पीएनपीजी घ्या, त्यात पेशी घाला, ३७ अंश सेल्सिअसला ३० मिनिटं ठेवा, थंड सोडियम कार्बोनेटने क्रिया थांबवा, पेशी खाली बसवा आणि वरच्या पिवळ्या द्रावाची ४०५ नॅनोमीटरला मोजणी करा. पिवळा रंग कार्बोनेटमुळे खुलतो. तो घालायला विसरलात तर चांगला स्ट्रेनही फिका दिसतो.

इथे दोन खाचा आहेत. पहिली : हे एन्झाइम बहुधा पेशीच्या आत किंवा पेशीला चिकटलेलं असतं. नुसता वरचा द्राव तपासला तर काहीच दिसत नाही. दुसरी : काही लॅक्टोबॅसिलस ग्लुकोसाइड आत घेतानाच त्यावर फॉस्फेट चढवतात आणि त्यांचं एन्झाइम फक्त फॉस्फेट चढलेलाच रेणू कापतं. अशा स्ट्रेनच्या पेशी फोडून चाचणी केली तर निकाल शून्याजवळ येतो आणि जिवंत अखंड पेशी घेतल्या तर व्यवस्थित येतो. म्हणून दोन्ही प्रकारे करून बघा, आणि शेवटचा निर्णय सोया दुधातल्या प्रत्यक्ष मोजणीवरच घ्या.

आता प्रत्यक्ष आंबवणं. दाणे ८ ते १० तास भिजवा, पाणी फेका, दाण्याच्या कोरड्या वजनाच्या आठपट पाण्यात वाटा आणि गाळा. चोथ्यात आयसोफ्लेवोनचा बराच भाग अडकून राहतो. गरम पाण्यात वाटलं तर त्यातला जास्त भाग दुधात उतरतो. कोमट पाण्यात, विशेषतः ५० अंशांच्या आसपास, भिजवलं तर दाण्याचं स्वतःचं बीटा-ग्लुकोसिडेज जागं होतं आणि विरजणाआधीच अ‍ॅग्लायकोन तयार होऊ लागतं. फायदाच की, असं वाटेल. पण मोकळ्या आयसोफ्लेवोनची चव कडवट-तुरट असते आणि तोंडात रेंगाळते. शिवाय प्रयोगात जीवाणूने किती केलं आणि दाण्याने किती, हे वेगळं काढता येत नाही. त्यासाठी विरजण न लावलेला एक नमुना त्याच तापमानाला, तेवढेच तास बाजूला ठेवायचाच. तो नसेल तर बाकीचे आकडे कुचकामी.

पिण्यासाठी करत असाल तर दूध ९५ अंशांना १५-२० मिनिटं तरी धरा. मोजणीसाठी करत असाल तर १२१ अंशांना १५ मिनिटं निर्जंतुक करा. तापवल्याने मॅलोनिल रूपाचा मोठा भाग साध्या ग्लुकोसाइडमध्ये बदलतो, आणि १२१ अंशांना बॅसिलस या जीवाणूचे बीजाणूही मरतात. हे बीजाणू साध्या उकळण्याला दाद देत नाहीत, आणि बॅसिलसकडे स्वतःचं बीटा-ग्लुकोसिडेज असतं. ‘फारच उत्तम निकाल आला’ अशा कित्येक नमुन्यांत खरं काम या आगंतुकाने केलेलं असतं. सूक्ष्मदर्शकाखाली जाडसर काड्या आणि त्यांच्या पोटात चमकदार बीजाणू दिसले की तो नमुना बाद करा.

विरजण तयार करताना सगळ्यात दुर्लक्षित बाब म्हणजे ग्लुकोज. लॅक्टोबॅसिलससाठी नेहमी वापरलं जाणारं एमआरएस माध्यम लिटरमागे २० ग्रॅम ग्लुकोज घालून बनतं. आयती साखर समोर असताना पेशी बीटा-ग्लुकोसिडेज बनवण्याचा खर्च करत नाही. ते जीन दाबून ठेवते. एमआरएसमधली पेशी थेट सोया दुधात घातली तर पहिले काही तास ती जुन्या सवयीनेच वागते. त्यामुळे एमआरएसमध्ये दोनदा वाढवून झाल्यावर (१ टक्का विरजण, ३७ अंश, १८ ते २० तास) एक फेरी निर्जंतुक सोया दुधातच काढा आणि मुख्य घाण्यासाठी ते विरजण वापरा. बिफिडोबॅक्टेरियमला ०.०५ टक्के एल-सिस्टीन आणि हवा काढलेली बरणी लागते. याच कारणाने सोया दुधात सुरुवातीलाच ग्लुकोज घालू नका. गोडी हवी असेल तर आंबवून झाल्यावर घाला.

सोया दुधात लॅक्टोज नसतं. असतात ते सुक्रोज, रॅफिनोज आणि स्टॅकिओज. दह्यातलं बल्गेरिकस इथे अडखळतं ते यामुळेच. स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस मात्र सुक्रोजवर सुसाट वाढतो. प्लँटॅरम आणि बिफिडो मंडळींकडे बऱ्याचदा रॅफिनोज-स्टॅकिओज फोडणारं अल्फा-गॅलॅक्टोसिडेजही असतं, त्यामुळे पोटात गॅस धरण्याचा त्रास कमी होण्याची शक्यता असते. तेवढा हा वरचा फायदा.

मुख्य घाण्यात दर मिलीलीटरला सुमारे १ कोटी जिवंत पेशी पडतील इतकं विरजण घाला. तयार सोया विरजण असेल तर हे साधारण २ ते ५ टक्क्यांत बसतं. तापमान ३७ अंश. वेळ विचाराल तर १२ ते २४ तास. पण घड्याळाकडे कमी आणि पीएचकडे जास्त बघा. सोया दुधाचा पीएच सुरुवातीला ६.५ च्या आसपास असतो. बहुतेक लॅक्टिक जीवाणूंचं हे एन्झाइम ५.५ ते ७ या पट्ट्यात खुशीत चालतं आणि ५ च्या खाली गेलं की मंदावतं. म्हणजे आम्लता झपाट्याने वाढली तर दही उत्तम लागतं, पण साखर तोडण्याचं काम अर्धवट राहतं. थर्मोफिलस सुरुवातीलाच आणि ४२ अंशांना घातला की नेमकं हेच होतं : चार-सहा तासांत घट्ट दही आणि डेडझिन जवळपास जिथल्या तिथे.

उपाय साधा आहे. बीटा-ग्लुकोसिडेज असलेला स्ट्रेन आधी एकटा घाला, त्याला ३७ अंशांवर ६ ते ८ तास मोकळं रान द्या, मग थर्मोफिलस घालून दही लावा. दर दोन तासांनी पीएच लिहून ठेवा. पहिल्या सहा तासांतच ५ च्या खाली गेला तर विरजण जास्त पडलंय किंवा तापमान चढलंय. बारा तासांनंतरही ६ च्या वरच अडकला असेल तर स्ट्रेनला सुक्रोज पचत नाही किंवा पेशी मेलेल्या होत्या. नुसतं ‘दही लागलं’ हा पुरावा धरू नका. सोयाची प्रथिनं आम्लाने गोठतात, आयसोफ्लेवोनशी त्याचा संबंध नाही.

मोजणी एचपीएलसीवर (मिश्रणातले रेणू वेगळे करून मोजणारं यंत्र), सी-१८ स्तंभ आणि २६० नॅनोमीटरच्या आसपास. नमुना काढला की लगेच गोठवा किंवा मेथॅनॉलमध्ये घाला. टेबलावर राहिलेल्या नळीत एन्झाइम काम करतच राहतं. अर्क ८० टक्के मेथॅनॉलने, गरम न करता काढा, नाहीतर मॅलोनिल रूप तिथेच बदलतं. आणि पूर्ण दही घ्या, वरची निवळी नको. अ‍ॅग्लायकोन पाण्यात फार कमी विरघळतं आणि प्रथिनांच्या गोळ्याबरोबर खाली बसतं. निवळी तपासून ‘आयसोफ्लेवोन नष्ट झाले’ असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ भेटतील.

हिशेब मोलमध्येच, म्हणजे वजनाऐवजी रेणूंच्या संख्येवर, करायचा. एक उदाहरण पूर्ण करून दाखवतो. सुरुवातीला लिटरमागे डेडझिन २० मिलीग्रॅम आणि डेडझेइन ०.८ मिलीग्रॅम आहे. चोवीस तासांनी डेडझेइन ९.२ मिलीग्रॅम आणि डेडझिन ५.६ मिलीग्रॅम. मिलीग्रॅममध्ये भागलं तर २० मधले ९.२, म्हणजे ४६ टक्के वाटतात. पण डेडझिनचा रेणूभार ४१६.४ आहे आणि डेडझेइनचा २५४.२, कारण ग्लुकोजचा भाग गेला. सुरुवातीचं डेडझिन ४८.० मायक्रोमोल. शेवटचं डेडझेइन ३६.२, त्यातून आधीचं ३.१ वजा केलं की ३३.१ मायक्रोमोल नवं तयार झालं. म्हणजे खरं रूपांतर ६९ टक्के. आता ताळा बघा : आधी एकूण ५१.१, नंतर ३६.२ अधिक १३.४ म्हणजे ४९.६ मायक्रोमोल. ९७ टक्के जमले, अर्क नीट निघालाय. हा ताळा ८० च्या खाली आला तर काहीतरी गाळात किंवा चोथ्यात राहिलंय. ११० च्या वर गेला तर बहुधा मॅलोनिल रूप सुरुवातीच्या बेरजेत धरायचं राहिलंय.

आता इक्वॉल. १९३२ साली गाभण घोडीच्या मूत्रात हे सापडलं, नावातला घोडाही (लॅटिनमध्ये ‘इक्वस’) तिथलाच. माणसाच्या मूत्रात ते दिसलं १९८२ मध्ये. मधल्या काळात, १९४० च्या दशकात, पश्चिम ऑस्ट्रेलियात एका जातीच्या क्लोव्हर गवतावर चरणाऱ्या मेंढ्या गाभण राहीनात. गवतातल्या फॉर्मोनोनेटिनचं त्यांच्या पोटातले जीवाणू डेडझेइन आणि मग इक्वॉल करत होते. जीवाणूंनी केलेला बदल किती दूरवर जाऊ शकतो, याचं इतकं ढळढळीत उदाहरण दुसरं नाही.

वाट अशी : डेडझेइनमधला दुहेरी बंध क्षपित होऊन (त्याला हायड्रोजन जोडला जाऊन) डायहायड्रोडेडझेइन, त्यातल्या कार्बोनिलचं अल्कोहोल होऊन टेट्राहायड्रोडेडझेइन, आणि शेवटी ऑक्सिजन निघून इक्वॉल. तीन रिडक्टेज आणि मध्ये एक रेसिमेज अशी चार एन्झाइमं लागतात. रेसिमेज लागतं कारण पहिल्या पायरीवर रेणूची एक बाजू चुकीची वळते, ती फिरवल्याशिवाय पुढचं एन्झाइम त्याला घेत नाही. जीवाणूंकडून मिळतं ते नेहमी एस-इक्वॉल (इक्वॉलच्या आरशातल्यासारख्या दोन रूपांपैकी एक), आणि पेशीतल्या इस्ट्रोजेनच्या बीटा रिसेप्टरला घट्ट बसतं तेही हेच. हे सगळे जीन एकत्र असलेले जीवाणू म्हणजे अ‍ॅडलरक्रॉयट्झिया इक्वॉलिफेशियन्स, स्लॅकिया आयसोफ्लेवोनिकन्व्हर्टन्स आणि त्यांचे भाऊबंद. हवा लागली की मरतात, वाढ संथ, दुधात वाढण्याची गोष्टच सोडा. ठळक अपवाद लॅक्टोकॉकस गार्विए २०-९२ या स्ट्रेनचा. जपानमध्ये तो वापरून सोयाच्या दाण्यातल्या अंकुरापासून इक्वॉलयुक्त पूरक बनवतात. अंकुर घेण्यामागेही हिशेब आहे : त्यात डेडझेइन गटाचा वाटा मोठा असतो, जेनिस्टेइन कमी. जेनिस्टेइनपासून इक्वॉल होत नाही.

इक्वॉल शोधताना एक हमखास चूक होते. रेणूतला कार्बोनिल गेल्यामुळे ते २६० नॅनोमीटरला जवळजवळ दिसतच नाही. २८० ला बघा, किंवा त्याहून चांगलं म्हणजे फ्लोरेसन्सवर. उलट २६० ला इक्वॉलच्या वेळेला उमटलेलं छोटं शिखर पाहून ‘आमचा लॅक्टोबॅसिलस इक्वॉल बनवतो’ असं जाहीर करू नका. मास स्पेक्ट्रोमीटरवर खात्री झाल्याशिवाय त्या दाव्याला किंमत नाही.

मग सोया खाऊन इक्वॉल मिळतं कुणाला? ज्याच्या आतड्यात हे जीवाणू आधीच आहेत त्याला. पाश्चात्त्य देशांत प्रौढांपैकी साधारण २५ ते ३० टक्के, जपान, कोरिया आणि चीनमध्ये ५० ते ६० टक्के लोक इक्वॉल बनवतात. स्वतःचं जाणून घ्यायचं तर सलग तीन दिवस रोज दोन पेले सोया दूध प्या आणि चौथ्या दिवशी सकाळी मूत्राचा नमुना द्या. एस-इक्वॉल आणि डेडझेइन यांच्या गुणोत्तराचा लॉग (पाया १०) उणे १.७५ पेक्षा जास्त आला तर तुम्ही इक्वॉल बनवणारे. अँटिबायोटिकचा कोर्स नुकताच झाला असेल तर चाचणी पुढे ढकला, निकाल खोटा नकारार्थी येतो. उंदीर मात्र जवळजवळ सगळेच इक्वॉल बनवतात. त्यांच्यावरचे निकाल माणसाला जसेच्या तसे लावू नका.

फायद्यांबद्दल माझं मत राखून ठेवलेलं आहे. रजोनिवृत्तीतल्या उष्णतेच्या झळांवर सगळ्यात नीट पुरावा दिसतो : इक्वॉल न बनवणाऱ्या जपानी स्त्रियांना १२ आठवडे रोज १० मिलीग्रॅम एस-इक्वॉल दिल्यावर झळांची संख्या कमी झाली. हाडं आणि रक्तवाहिन्यांबद्दलचे निकाल इतके स्वच्छ नाहीत. जपानच्या अन्नसुरक्षा आयोगाने २००६ मध्ये अ‍ॅग्लायकोनच्या हिशेबाने दिवसाला ७० ते ७५ मिलीग्रॅम ही वरची मर्यादा सांगितली, त्यातही पूरकांतून घ्यायचं ते ३० पर्यंतच. लेबलावरचा आकडा ग्लुकोसाइडचा असेल तर ०.६१ ने गुणा (मॅलोनिल रूपाचा असेल तर साधारण ०.५), मग तुलना करा. थायरॉइडची गोळी चालू असेल किंवा स्तनाच्या कर्करोगावर उपचार झाले असतील, तर पूरक घेण्याआधी डॉक्टरांना विचारा. आंबवलेलं दूध नेहमीच्या प्रमाणात पिणं आणि गाळून घट्ट केलेला अर्क गिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.